कान कुठे ठेवायचा

गोव्यात सोमवारी संध्याकाळी मंगेशीच्या देवळात पालखी असते. त्याच संध्याकाळी मडगावच्या रवींद्र भवनात तियात्र, म्हणजे कोंकणी नाटक, लागलेला असू शकतो, पणजीत कला अकादमीत रागसंगीताची, ख्यालाची बैठक, सासष्टीतल्या एखाद्या घराच्या बाल्कांवात (ओसरीवर) मांडो या कोंकणी गाण्याची तालीम, आणि रात्र चढली की हणजूण-वागातोरकडे ट्रान्स, म्हणजे पार्ट्यांतलं इलेक्ट्रॉनिक संगीत. गाडीने तासाभराच्या टप्प्यात हे सगळं बसतं. ऐकणारी माणसं मात्र सहसा एवढा प्रवास करत नाहीत. ख्यालाला जाणारा ट्रान्सला धडधड म्हणतो. ट्रान्सवाल्याला ख्यालात झोप येते. नाट्यपदांवर वाढलेल्याला मांडो रडका वाटतो. तियात्राला तर यातले बरेच जण कधी गेलेलेच नसतात, पण मत पक्कं असतं.

अशांना ‘मन मोकळं ठेवून ऐका’ असा सल्ला मिळतो. सल्ला चांगला आहे, पण त्याने काम होत नाही. मन कितीही मोकळं असलं तरी कान भलत्या जागी लावला, तर जे ऐकायचं ते हुकतंच. प्रत्येक संगीत आपली मेहनत वेगळ्या ठिकाणी खर्च करतं. कुणी एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याच्या वाटेवर, कुणी एकाच वेळी गाणाऱ्या दोन आवाजांमधल्या अंतरावर, कुणी शब्दांवर, तर कुणी नुसत्या नादाच्या पोतावर. ख्यालात जिथे काम चालतं तिथेच मांडोत पाहिलं, तर मांडो रिकामा दिसणारच. आपण ज्याला आवडनिवड म्हणतो त्यातला मोठा भाग या चुकीचा असतो.

घुमटापासून सुरुवात करू. गोव्यातल्या हिंदूंच्या घरात ते आरतीला वाजतं, ख्रिस्तावांच्या घरात मांडो-दुलपदाला. २०१९मध्ये राज्य सरकारने त्याला वारसा वाद्याचा मान दिला. रचना अगदी साधी आहे: दोन्ही टोकांना उघडं असलेलं मातीचं भांडं, मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं, लहान तोंड मोकळं. एक हात चामड्यावर वाजतो, दुसऱ्याचा तळवा मागचं तोंड झाकतो आणि उघडतो. तळवा तोंडाजवळ आला की आत कोंडलेल्या हवेचा सूर उतरतो, दूर गेला की चढतो. घुमटाचं बोलणं सगळं या मागच्या हातात आहे.

पण गणेश चवथीच्या आरतीत नेमकं तेच ऐकू येत नाही. काठ्यांनी वाजणारं समेळ आणि कांसाळी (झांजा) वरची पट्टी व्यापून टाकतात, त्यामुळे नवख्या माणसाला एकच गोंगाट ऐकू येतो. उपाय सोपा आहे. कांसाळ्यांपासून दोन-तीन मीटर लांब, घुमटवाल्याच्या मागच्या बाजूला उभं राहायचं आणि एक अख्खी आरती नुसता तो मागचा तळवा ऐकायचा. पुढच्या आरतीला समेळाच्या काठ्या. तिसरीला लय कुठे चढली ते. आरती संथ सुरू होऊन टप्प्याटप्प्याने चढते, आणि प्रत्येक टप्पा कुणीतरी एकजण उचलतो. तो कोण हे कळलं की गोंगाटाचा बाज उलगडतो. सुवारी वादनात तर गाणंच बाजूला पडतं आणि लयीचा हिशोब मुख्य होतो. तिथे ‘चाल चांगली नाही’ म्हणणारा माणूस नसलेल्या गोष्टीबद्दल तक्रार करत असतो.

चामड्याचाही भाग आहे. पूर्वी घोरपडीचं चामडं लावत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिलं, आणि आता बकऱ्याचं लावतात. बकऱ्याचं चामडं जाड असतं, त्यामुळे बोल जरा बोथट येतो. त्यात चवथ येते भाद्रपदात. हवेत ओल असली की चामडं सैलावतं, सूर पडतो, म्हणून वाजवायच्या आधी घुमट उन्हात किंवा आगीच्या धगीला धरतात. ‘हल्ली पूर्वीसारखं वाजत नाही’ या तक्रारीत वादकाचा दोष किती, चामड्याचा किती आणि ओलीचा किती, हे वेगळं काढून मगच तक्रार करावी.

आणि फोनचा दोष किती, हेही. घुमटाची रेकॉर्डिंग आता फोनवर फिरतात. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर पडत नाही. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा १०० हर्ट्झच्या आसपासचा असतो. घुमटाची घुमही अशीच खालची, म्हणजे फोनवर घुमट ऐकताना ती गेलेली असते आणि टक उरलेली असते. साध्यातला साधा हेडफोन किंवा मुठीएवढ्यापेक्षा मोठा कुठलाही स्पीकर यापेक्षा बरा. खालचा नाद ज्या संगीताचा कणा आहे ते संगीत फोनच्या स्पीकरवर ऐकून नापसंत करणं, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रचलित अन्याय आहे.

आता मांडो. हिंदुस्तानी कानाला मांडो ऐकताना दोन गोष्टी सापडत नाहीत: सम (तालाची पहिली, वजनाची मात्रा) आणि राग. मांडो ६/४मध्ये चालतो, संथ. त्यात पहिल्या मात्रेवर येऊन आदळण्याचा थाट नाही. नाचही तसाच आहे, समोरासमोरच्या दोन रांगा सरकत पुढे येतात आणि मागे जातात. सहा मात्रा मोजायच्याच असतील तर पायांकडे बघून मोजाव्यात. पण खरा कान ठेवायचा तो दुसऱ्या आवाजावर. मांडो बहुतेक वेळा दोन आवाजांत गातात, वरचा मुख्य, आणि खालचा त्याच्यापासून तिसऱ्या स्वरावर समांतर चालणारा. नवा श्रोता वरच्या आवाजाच्या मागे जातो, कारण चाल तिथे आहे. मग त्याला ती चाल साधी वाटते, तिच्यात ना हरकत ना मुरकी, ‘एवढंच?’ असं होतं. एकदा खालचा आवाज गुणगुणून पाहावा. तो एकटा ऐकला तर त्यात काहीच नाही, आणि तो काढून टाकला तर वरच्यातही काही उरत नाही. मांडोतली मेहनत त्या दोघांमधल्या अंतरात आहे.

हे ज्याला पटत नाही त्याच्यासाठी पेटीवरचा पाच मिनिटांचा प्रयोग. आपण नुसता ‘सा’ लावून धरायचा. पेटीवर आधी सा-ग-प एकदम दाबायचे. मग म-ध-वरचा सा. मग ध-वरचा सा-वरचा ग. तोंडातला ‘सा’ हललेला नाही, पण दुसऱ्या वेळी तो पंचमासारखा भासतो आणि तिसऱ्या वेळी कोमल गंधारासारखा, जरा उदास. स्वर तोच, खालची जमीन सरकली म्हणून अर्थ बदलला. आपल्याकडे स्वराचा अर्थ तानपुऱ्याच्या षड्जाने एकदाच ठरतो आणि मैफल संपेपर्यंत बदलत नाही. हार्मनीत, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या मेळात, तो दर मात्रेला बदलू शकतो. ज्याला हे ‘सरकणं’ ऐकू येत नाही त्याला पाश्चात्त्य संगीत सपाट वाटतं. मायनरमधल्या (पाश्चात्त्य संगीतातल्या उदास छटेच्या स्वरावलीतल्या) मांडोत कोमल गंधार, कोमल धैवत आणि ओळ संपताना बहुधा शुद्ध निषाद असतो. स्वर किरवाणी रागाचे, पण किरवाणी शोधायला गेलात तर पुन्हा हात रिकामे.

खरं तर मराठी माणसाने गोव्याची हार्मनी लहानपणापासून ऐकलेली आहे, फक्त त्याला ते सांगितलेलं नाही. चर्चच्या पॅरिश शाळांमधून मुलांना सोल्फेज (लिहिलेले स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवलं जाई. तिथून तयार झालेले वादक मुंबईच्या सिनेमात गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) व्हायोलिन वाजवत आणि शिकवत. सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी वाद्यवृंदाची मांडणी लिहीत. त्या काळातलं कुठलंही गाणं घ्यावं आणि एकदा गायकाकडे पूर्ण दुर्लक्ष करून अंतऱ्यामागे व्हायोलिन काय वाजवतात ते ऐकावं. चालीशी समांतर किंवा चालीच्या उलट जाणारी एक दुसरी ओळ तिथे चालू असते. ती सापडली की मांडोचं दार उघडतं. कठीण संगीताकडे जायचा रस्ता बहुतेक वेळा आधीपासून आवडणाऱ्या गाण्याच्या मागच्या बाजूने जातो.

फ्यूजन नावाचा दुसरा रस्ता मी कुणाला सुचवणार नाही. घुमट, सतार आणि गिटार एकत्र आले की तिघेही आपापली अडचणीची गोष्ट घरी ठेवून येतात. सतार मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं) आवरते, कारण गिटारच्या स्वरांशी भांडण नको. गिटार कॉर्ड (एकदम छेडलेले स्वर) कमी करते, कारण राग बिघडायला नको. ऐकायला छान वाटतं, पण त्यातून ना ख्यालाचा कान तयार होतो ना हार्मनीचा.

ख्यालाकडे चर्चच्या कॉयरमधून किंवा पार्टीतून येणाऱ्याची अडचण वेगळी असते. त्याला वाटतं, काही घडतच नाही. इथे पहिली पाच मिनिटं फक्त तानपुऱ्याला द्यावीत. प-सा-सा-सा अशा चार तारा. खर्जाची शेवटची तार नीट जुळलेली आणि जवारी (तारेची गुंजन) खुललेली असली, तर तिच्यात कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो, कारण तो त्या तारेचा पाचवा उपस्वर आहे. पुढे गायक शुद्ध गंधारावर येऊन थांबतो तेव्हा तो याच गंधारात मिसळू पाहतो. हा गंधार कीबोर्डवरच्या गंधारापेक्षा १४ सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याने, उतरा असतो. कीबोर्डवर वाढलेल्या कानाला तो सुरुवातीला जरा पडलेला वाटतो. दोन-चार बैठकांनंतर कीबोर्डचाच चढा वाटू लागतो, आणि ही गोष्ट मग कायमची डोक्याला त्रास देते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मग ताल. विलंबित तीनतालाची एक खूण आहे, जी शिकायला दहा मिनिटं लागतात. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्गा गप्प असतो आणि चौदाव्या मात्रेला परत येतो. खालचा घुमारा परतला की धिं, धिं, धा आणि सम. ठेका कितीही भरून वाजवला तरी ही गैरहजेरी ओळखू येते, अर्थात फोनचा स्पीकर नसेल तर. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचं आवर्तन जवळपास मिनिटभर चालतं, तिथे दुसऱ्या ‘तिरकिट’वर लक्ष ठेवावं. ते दहाव्या मात्रेला येतं, त्यानंतर धिं, ना आणि सम. पहिलं ‘तिरकिट’ चौथ्या मात्रेला असतं आणि त्याच्या पाठोपाठ तू-ना येतं. घोटाळा होतो तो या दोघांत. सम कुठे येणार हे आधी कळू लागलं की ‘काही घडतच नाही’ ही तक्रार थांबते. घडणारी गोष्ट हीच आहे की ठरलेल्या जागी पोचायला गायक रस्ता कोणता घेतो.

घराण्याप्रमाणे जागा बदलते. गोव्याने ज्या गाण्याला आपलं म्हटलं ते मुख्यतः जयपूर-अत्रौलीचं: अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीतल्या केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, आणि पुढे मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर. किराणा घराण्याचा संथ, स्वरात विरघळणारा आलाप ऐकून आलेला माणूस इथे म्हणतो, ‘कोरडं आहे.’ जयपूरच्या गाण्यात लय तेवढी पडू देत नाहीत, आणि स्वर लयीच्या पाठीवर बसून चालतो. कान स्वरावर नुसता टेकवून चालत नाही, तो दोन मात्रांच्या मधल्या जागेत ठेवावा लागतो. जोडराग असेल, बसंती केदारसारखा, तर बसंतातून केदारात गायक कुठल्या स्वरावरून शिरतो तो सांधा ऐकायचा. भाव शोधत बसलात तर तो उशिरा भेटतो. सांधे ऐकत गेलात तर लवकर.

जुन्या ध्वनिमुद्रिकांबद्दल एक इशारा. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीत साडेतीन मिनिटांच्या आसपास वेळ मिळे. तेवढ्यात विस्तार मावत नाही. गायक लवकर तानेवर येतो. म्हणून केसरबाईंचं सगळं गाणं तसंच आक्रमक असणार असा समज होतो. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेली त्यांची भैरवीही तबकडीच्याच मापाची आहे, साडेतीन मिनिटांची. शिवाय तबकडीवरून नंतर उतरवताना गती ६ टक्के जास्त ठेवली गेली की गाणं पूर्ण अर्धा स्वर चढतं. काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं, आवाज बारीक आणि घाईचा होतो. इंटरनेटवरच्या जुन्या मुद्रणांत हे सर्रास आढळतं. एकाच मुद्रिकेच्या दोन-तीन प्रती पेटीवर तपासून पाहाव्यात. गंभीर वाटणारी सहसा खरी असते, पण नेहमीच नाही, आणि नेमका षड्ज ठाऊक असल्याशिवाय पैज लावू नये.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असल्यामुळे खुल्या जागेतल्या बैठका दहाच्या आत गुंडाळल्या जातात. म्हणून एका पिढीच्या कानावर रात्रीचे दरबारी, मालकंस हे संध्याकाळचे राग असल्यासारखे पडले आहेत. याने आभाळ कोसळत नाही, पण वेळेचा नियम आपण किती सहज सोडला हे पाहिलं की इतर नियमांबद्दलचा अट्टहास जरा कमी होतो.

नाट्यपदांबद्दल गोव्यात वेगळं सांगायला नको. दीनानाथ आणि अभिषेकीबुवा, दोघेही मंगेशीचे. जत्रेतल्या नाटकात आजही पेटी आणि तबला पुढे असतात. नाट्यपदावर पोसलेल्या कानाला शब्द लागतो, आणि ख्यालातली दोन ओळींची बंदिश त्याला पुरत नाही. तोच कान तियात्राला मात्र सहज लागायला हवा, कारण तियात्रातली कांतारंही (गाणीही) शब्दावरच उभी आहेत. १८९२मध्ये मुंबईत पहिला तियात्र झाला. पडद्यापडद्यांच्या मध्ये कांतारां येतात, ज्यांचा नाटकाच्या कथेशी संबंध असेलच असं नाही. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम यांचा बँड, सरळ फेकलेला आवाज, आणि विषय कालपरवाचा: रस्ता, आमदार, जमीन. इथे सूर किती घोटीव आहे ते ऐकणाऱ्याची निराशा होते. कान शेवटच्या कडव्यावर ठेवावा. आधीची कडवी तो टोला उभा करण्यासाठी असतात, आणि प्रेक्षागृह त्या टोल्याची वाट पाहत असतं. टोल्यावरचा हशा एक क्षण आधी आला की ओळखावं, कांतार फसलं.

हिंदू मराठी घरांतून माणसं तियात्राला का जात नाहीत, याचं उत्तर संगीतात नाही. आवड ही बऱ्याच अंशी शेजाराने ठरते: कोणत्या रांगेत कोण बसतं, कोणत्या लिपीत जाहिरात छापलेली असते. ख्यालाच्या बाबतीतही हे विसरू नये. ज्या कलावंत समाजाच्या बायकांनी देवळांच्या आवारात हे गाणं जपलं, त्यांचं गाणं चालत होतं आणि त्या चालत नव्हत्या. अभिजात म्हणजे शुद्ध, आणि बाकीचं हलकं, ही प्रतवारी करणाऱ्याने हा इतिहास एकदा वाचावा.

ट्रान्स राहिला. गोवा ट्रान्स या नावाने जगभर गेलेलं हे संगीत १९९०च्या दशकात हणजूणच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतून घडलं. मिनिटाला १४० ते १५० ठोके, प्रत्येक मात्रेला किक, म्हणजे खालच्या ढोलाचा ठोका. टीका करणारा माणूस किक मोजतो आणि म्हणतो, ‘एकच तर वाजतंय.’ बरोबर आहे, किक एकच आहे, तशीच ती हवी. तानपुऱ्यालाही कुणी वैविध्य मागत नाही. कान ठेवायचा तो वरच्या थरांवर. एखादी सुरावट तशीच राहते आणि तिचा नाद बदलतो, फिल्टर (नादाची चाळणी) हळूहळू उघडतो, घोगरा आवाज धारदार होत जातो. यातला ओळखीचा किरकिरा आवाज रोलँडच्या टीबी-३०३ या यंत्राचा. १९८१मध्ये निघालेलं हे यंत्र बास गिटारची नक्कल म्हणून विकायला काढलं होतं, नक्कल जमली नाही म्हणून १९८४मध्ये बंद झालं, आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्यावर लोकांनी त्याचे खुंटे वाजवतावाजवता फिरवून पाहिले.

बदल साधारण सोळा बारच्या टप्प्याने येतात. १४५च्या गतीत सोळा बार म्हणजे ६४ ठोके, सुमारे साडेसव्वीस सेकंद. मिनिटाला ३६ मात्रांच्या लयीतलं विलंबित तीनतालाचं एक आवर्तनही जवळजवळ तेवढंच भरतं. ख्याल ऐकणाऱ्याकडे एवढा टप्पा स्मरणात धरायची सवय आधीच आहे. त्याने ती इथे वापरून पाहावी. टप्पा भरत आला की काहीतरी काढून घेतलं जातं, बहुतेकदा किकच, आणि नव्या टप्प्याच्या पहिल्या ठोक्याला परत दिलं जातं. याला सम म्हणायला हरकत नसावी. स्वरांत पुष्कळदा कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद दिसतात. आपल्याकडे ही वसंत मुखारी रागाची स्वरावली. म्हणून लगेच ‘त्यांनी आपला राग घेतला’ म्हणू नये. चलन (रागाची ठरलेली चाल) नाही, न्यास (थांबायचा ठरलेला स्वर) नाही, मींड नाही. स्वर आहेत, राग नाही, आणि त्या संगीताला तो नकोच आहे.

एक गोष्ट मात्र इथे जपायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. मोठ्या स्पीकरसमोर आवाज १०० डेसिबलपर्यंत सहज जातो, तिथे आठवड्याभराचा वाटा वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. फार्मसीत मिळणारे फोमचे बोळे पिळून, कान वरच्या बाजूला ओढून आत बसवावेत. अर्धवट बसवले तर ते फक्त वरचे स्वर कापतात आणि ऐकणं गढूळ होतं, मग माणूस ते काढून खिशात टाकतो. बंद खोलीतल्या घुमट आरतीलाही हेच लागू आहे, पण तिथे हे सांगायला गेलात तर प्रसाद मिळणार नाही.

अनोळखी संगीत घरी ऐकायचं तर एकच तुकडा घ्यावा, प्लेलिस्ट नको. प्लेलिस्टमध्ये कंटाळा आला की पुढचं गाणं येतं, आणि कंटाळ्याच्या पलीकडे काय आहे ते कधीच कळत नाही. तोच तुकडा आठवडाभरात तीनदा, मध्ये दिवस सोडून. पहिल्यांदा काहीही न करता. दुसऱ्यांदा एकाच थरावर कान ठेवून: खालचा आवाज, डग्गा, फिल्टर, जे असेल ते. तिसऱ्यांदा तो थर गुणगुणत. जे गुणगुणता येत नाही ते ऐकू आलेलं नाही, हा माझा कडक नियम आहे आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो. दोन मुद्रणांची तुलना करायची असेल तर आधी आवाज सारखा करून घ्यावा. एक-दोन डेसिबलने मोठं असलेलं कानाला ‘चांगलं’ वाटतं, आणि नवी मुद्रणं मुळातच मोठ्या आवाजात बांधलेली असतात. जुनी भैरवी फिकी वाटण्याचं कारण कितीदा एवढंच असतं.

पुन्हापुन्हा ऐकल्याने आवड वाढते हेही खरं. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८मध्ये दाखवलं की नुसत्या ओळखीनेही वस्तू आवडू लागते. म्हणून तीनदा ऐकून आवडलं तर ते कळलं म्हणून की सवयीचं झालं म्हणून, हे तपासावं. तपासणी सोपी: त्याच प्रकारातलं दुसरं, कधी न ऐकलेलं ऐकायचं. ते चांगलं की सुमार हे सांगता आलं तर कान बसला. वयाची सबबही फार ताणू नये. १९८९मध्ये होल्ब्रुक आणि शिंडलर या अमेरिकन संशोधकांना आढळलं की माणसाला सर्वांत जास्त आवडणारी गाणी सरासरी त्याच्या साडेतेविसाव्या वर्षाच्या आसपासची असतात. ती सरासरी आहे, मर्यादा नव्हे. चाळिशीनंतर ख्याल ऐकायला लागलेले लोक कला अकादमीच्या नोव्हेंबरातल्या केसरबाई समारोहात मागच्या रांगांत भरपूर दिसतात, आणि त्यांना सम कळते.

एवढं करूनही काही गोष्टी आवडणार नाहीत, आणि तेव्हा नाही म्हणायला संकोच नसावा. फक्त नावड नेमकी सांगता आली पाहिजे. माझी एक पक्की आहे: कीबोर्डच्या साथीने गायलेला मांडो. साथीशिवाय दोन आवाज गात असले की ते आपोआप तानपुऱ्यातल्या त्या उतऱ्या, शुद्ध गंधाराकडे झुकतात आणि तिसऱ्याचं अंतर गोड लागतं. कीबोर्ड आला की त्यांना १४ सेंट वर चढावं लागतं. आणि कीबोर्डातल्या तयार तालांत ३/४ आणि ४/४ भरपूर, ६/४ शोधावा लागतो. वाजवणारा ३/४चं बटण दाबतो. सहा मात्रांचा लांब श्वास तीन-तीनमध्ये मोडतो, दर तिसऱ्या मात्रेनंतर ड्रम ठोका मारतो, आणि मांडोचा वॉल्ट्झ होतो. नाचणाऱ्यांच्या रांगा तरीही सहा मात्रांत सरकत राहतात, कारण त्यांच्या पायांना ठाऊक असतं. अशा वेळी कीबोर्डच्या स्पीकरपासून दूर, घुमटवाल्याच्या बाजूची खुर्ची धरावी.